भरतीची ओळ

खांदेश्वर, १२ जानेवारी २०२६

दादा,

वर जयभीम लिहिलेलं नाही. विसरले नाहीये. माणूस जयभीम करतो तो समोरच्याने उलट करावा म्हणून, आणि तू चार वर्षांत माझ्या एकाही मेसेजला उत्तर दिलेलं नाहीस. नंबर ब्लॉक, मेल ब्लॉक. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे स्पीड पोस्टाने पुण्याला पाठवते आहे. पोचपावती मागितली आहे. तेव्हा मिळालंच नाही म्हणू नकोस, आणि पायलवहिनीला सही करायला लावून नामानिराळा राहू नकोस.

कामाचं बोलते. तुझा जगप्रसिद्ध 'निवटी शोध' चुकीचा आहे.

तुला हे सगळं पाठ आहे, तरी सोपं करून लिहिते. उद्या हे पत्र तिसऱ्या कुणासमोर ठेवायची वेळ आली तर त्यालाही कळलं पाहिजे. एखाद्या प्रश्नाची लाखो उत्तरं असतात, सगळी तपासायला जन्म पुरत नाही. मग कॉम्प्युटरमध्ये पन्नास निवट्या सोडायच्या. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा, बिळात राहणारा बोटभर मासा. इथे प्रत्येक निवटी म्हणजे एक उत्तर. त्या फिरतात, जिला चांगली जागा सापडली तिच्याकडे बाकीच्या थोड्या सरकतात, काही उगाच भलतीकडे उडी घेतात. भरती आली की सगळ्या बिळाकडे, ओहोटीला पुन्हा बाहेर. असं हजार वेळा. शेवटी सगळ्यात चांगल्या जागी जी बसली असेल ते आपलं उत्तर. लोकांनी लांडगे, देवमासे, वटवाघळं, काजवे, मुंग्या, अख्खं प्राणिसंग्रहालय गणितात कोंबलंय. आपण खाडीतला मासा आणला. 'आपण' हे मुद्दाम लिहिलंय.

आता घोळ सांगते. तो भरतीच्या ओळीत आहे. भरती आली की प्रत्येक निवटीने स्वतःच्या बिळाकडे जायला हवं. तुझ्या प्रोग्रॅममध्ये सगळ्यांचं बीळ एकच आहे आणि ते शून्यावर आहे. निवटीची जागा घेतली, एकापेक्षा लहान आकड्याने गुणली, झाली भरती. म्हणजे दर भरतीला सगळ्या शून्याकडे ओढल्या जातात. आणि आपल्या धंद्यात नवा अल्गोरिदम तपासायला जी ठरलेली गणितं घेतात, त्यातल्या बहुतेकांचं बरोबर उत्तर कुठे असतं? शून्यावर. ज्या पेपरात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर 'अ' आहे, तिथे डोळे मिटून 'अ' लिहिणारं पोर पहिलंच येणार. तुझी निवटी पहिली आली ती अशी.

मी तीच गणितं घेतली आणि बरोबर उत्तर शून्यावरून उचलून सदतीसवर ठेवलं. बाकी काही बदललं नाही. तीस वेळा चालवलं, तीसही वेळा तुझी निवटी तोंडावर आपटली. आकडे सोबत जोडले आहेत. नाकाने कांदे सोलायच्या आधी ते बघ.

नुसता लेख असता तर मी तिकीट चिकटवायचेही कष्ट घेतले नसते. साडेतीनशे लोकांनी त्या लेखाचा हवाला दिलाय, अजून साडेतीनशे देऊ देत. पण 'तत्पर'वाल्यांनी तुझा प्रोग्रॅम घेऊन त्यांच्या ॲम्ब्युलन्स कुठे उभ्या करायच्या ते ठरवलंय. ऐरोलीपासून पनवेल, उरण, मोऱ्यापर्यंत मिळून सहा गाड्या. तू नकाशाचा मध्य शून्य धरलास, सगळेच धरतात. तो मध्य येतो नेरूळला. आणि ऑक्टोबरपासून सहाच्या सहा गाड्या नेरूळच्या आसपास उभ्या आहेत. मला हे त्यांच्याच एका ड्रायव्हरने सांगितलं. तो कसा भेटला ते तुला सांगायची मला गरज वाटत नाही.

दोन गोष्टी कर. 'तत्पर'ला सांगून गाड्या जुन्या जागी पाठव, आणि लेख मागे घे. ओळ तुझी आहे, तूच निस्तर.

आई बरी आहे. तिचा फोन बिघडलाय, दुरुस्तीला टाकलाय, म्हणून रविवारी लागत नाही.

दीक्षा


खांदेश्वर, २९ जानेवारी २०२६

दादा,

उत्तर मिळालं. तीन ओळी. अल्गोरिदम जगभर तपासला गेला आहे. माझी अडचण गणिताची नसून जळण्याची आहे. आणि आईचा फोन दोन महिने दुरुस्तीत कसा.

तिसऱ्या ओळीला नंतर येते. आधी जळण्याचं बघू.

कोपरखैरण्याची ती खोली आठवते का तुला, का बाणेरच्या फ्लॅटमध्ये गेल्यावर तीही पुसली गेली? लॉकडाऊन. तुझ्या पीएचडीला काहीतरी 'नवीन' हवं होतं आणि तू दोन महिने नुसता कुत्र्यामांजरांची यादी करत होतास. कुठला प्राणी उरलाय, कुठला कुणी अजून वापरला नाही. आई तांदूळ निवडत होती. ती सहज म्हणाली की निवटी घ्या की, तिच्यासारखी हुशार कोण हाय. तू हसलास. मी हसले नाही. मी तिच्यासमोर वही घेऊन बसले.

तिने सांगितलं, मी लिहिलं. म्हसळ्याकडच्या त्यांच्या खाडीत ती लहानपणी निवट्या धरायची, उजवा हात कोपरापर्यंत बिळात घालून. बिळाला दोन तोंडं असतात. एकावर पाय ठेवायचा, दुसऱ्यातून हात. ओहोटीला निवट्या कुठे बसतात, एक खायला लागली की बाकीच्या कशा बघतात, कुठली कारण नसताना लांब उडते, सगळं. आणि शेवटी म्हणाली होती, "भरतीला निवटी कदी दुसऱ्याच्या बिळात जात नाय. ज्याचं त्याचं बीळ हाय. गेली तर मार खाते." तू तेव्हा खुर्चीत मागे रेलून मोबाईल बघत होतास.

तीन महिने मी प्रोग्रॅम लिहिला. बाबांनी तुर्भ्याच्या कंपनीतून रिटायर होताना घेऊन दिलेला तो लॅपटॉप, पंखा लावला तरी तापायचा. तू लेखाचं इंग्रजी लिहिलंस. इंग्रजी चांगलं लिहिलंस, ते नाकारत नाही. आणि लेख छापून आला तेव्हा त्यावर एकच नाव. मी विचारलं तर म्हणालास की गाइडने सांगितलं, पीएचडीला एकट्याचा लेख लागतो, पुढच्यात तुझं लावू. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आभार होते. टायपिंगच्या मदतीबद्दल लेखकाच्या बहिणीचे आभार. बहिणीला नावसुद्धा नव्हतं.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. आणि वर चोराच्या उलट्या बोंबा, की मी जळते.

माझी वही नेलीस. तपकिरी पुठ्ठ्याची, दोनशे पानी. घर सोडून गेलास तेव्हा तुझ्या पुस्तकांबरोबर ती गेली. चार वर्षं मागते आहे. ती हातात असती तर मी तेव्हाच सिद्ध केलं असतं की प्रोग्रॅम कुणाचा आहे. तुला ते पक्कं माहीत होतं, म्हणूनच नेलीस.

राहिला ड्रायव्हर. त्याचं नाव कासिमभाई, राहणारा मोऱ्याचा. आधी त्याची गाडी खांदेश्वर स्टेशनच्या बाहेर असायची, दुसरी एक मोऱ्याच्या जेट्टीजवळ. ऑक्टोबरमध्ये साहेब लोकांनी नवा नकाशा आणला. मला तो म्हणाला, "मॅडम, आमी सहा जण नेरूळला एकाच टपरीवर चा पितो. एकमेकांना हात दाखवतो. मी मीटिंगमदी बोललो, मोऱ्याला कोन बगनार? तर बोलले, कॉम्प्युटरनी काडलंय, तू काय कॉम्प्युटरपेक्षा शाना?"

चौथी नापास माणसाला जे दिसतं ते तुझ्या साडेतीनशे विद्वानांना दिसत नाही. मोऱ्याहून हाक आली तर गाडी नेरूळहून निघणार, उलवे, उरण करत, मध्ये कंटेनरची रांग. विचार कर किती वेळ लागेल. का त्यालाही निवट्या सोडाव्या लागतील?

फोनचं म्हणतोस तर दुरुस्तीवाला गावाला गेलाय.

दीक्षा


खांदेश्वर, १६ फेब्रुवारी २०२६

दादा,

तुझ्या वकिलाचा कागद मिळाला. बदनामी केली तर कारवाई करू म्हणे. सख्ख्या बहिणीला वकिलाचा कागद. बाबा असते तर दोघांना कानाखाली वाजवली असती, आधी तुला.

बरं. आता फोनचं सांगते. आईचा फोन बिघडलेला नाही. तो माझ्या कपाटात आहे, बंद करून ठेवलेला. आणि आई बरी नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी सव्वानऊला मी कॉलेजला निघत होते. आई भाकरी थापत होती आणि एकदम भाकरी वाकडी पडली. हसायला आलं मला, काय गं म्हटलं, तर तोंडही वाकडं. खाली बसली. उजवा हात पिठातच राहिला. आमच्या सोसायटीने 'तत्पर'ची स्कीम घेतलेली आहे, नंबर लिफ्टपाशी मोठा लिहिलाय. मी फोन केला नऊ सतराला. गाडी आली नऊ अठ्ठावन्नला. एक्केचाळीस मिनिटं. रिक्षाने ने म्हणाले शेजारी, पण फोनवरची मुलगी सारखी सांगत होती की निघाली, पोचतेय, पेशंटला हलवू नका. मी हलवलं नाही. मी शिकलेली ना, मी सूचना पाळल्या.

कासिमभाई त्या गाडीवर होता. मी त्याच्यावर काय काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं, आईला उचललं, आणि हॉस्पिटलच्या दारात मग सांगितलं की आधी तो इथेच, स्टेशनबाहेर उभा असायचा. चार मिनिटांवर. गाडीच्या काचेवर स्टिकर होता, 'निसर्गाच्या बुद्धीने चालणारी सेवा', आणि खाली एका माशाचं चित्र. उडी मारणारी निवटी, दादा. आईला ज्या गाडीतून नेलं तिच्यावर आईचीच निवटी काढलेली होती.

डॉक्टर म्हणाले उशीर झाला. वाचली, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एक शब्द उरलाय, 'हाय'. भूक लागली तरी हाय, दुखलं तरी हाय, नको असलं तरी हाय. मी तिच्या डोळ्यांवरून ओळखायला शिकतेय. उजवा हात मांडीवर पडलेला असतो, तिने दुसऱ्या कुणाचा धरून ठेवल्यासारखा.

तुला का नाही कळवलं? कारण मी कळवायचं नाही असं ठरवलं. आयसीयूच्या बाहेर बसून, थंड डोक्याने. तू माझं नाव लपवलंस ना, मग मी तुझी आई लपवते, बघ कसं वाटतं. तुझा दर रविवारचा अकराचा फोन येईल आणि वाजणारच नाही. पहिल्या रविवारी मी फोन हातात घेऊन बसले होते, बंद केलेला. मला बरं वाटलं होतं. हे वाचून तुला माझी किळस येत असेल तर येऊ दे. मला तुझी चार वर्षं येते आहे.

तुझ्या एका ओळीने हे केलं. आता माझ्यावर वकील सोड नाहीतर पोलीस पाठव. तिच्यासमोर येऊन उभा राहा आणि तिला सांग की अल्गोरिदम जगभर तपासला गेला आहे.

दीक्षा


खांदेश्वर, २ मार्च २०२६

दादा,

तू येऊन गेलास त्याला आठ दिवस झाले. तेव्हा जे तोंडाने बोलता आलं नाही ते लिहिते. आपल्यात आता हेच जमतं.

आधी ते रविवारचं लिहून टाकते. तू दारातूनच माझ्या अंगावर आलास, 'तीन महिने माझ्या आईला माझ्यापासून लपवलंस' म्हणून. मीही गप्प बसले नाही. पायलवहिनी मध्ये पडली नसती तर शेजारी जमले असते. मग आतून आईचा आवाज आला, हाय, हाय. तू आत गेलास. किती वेळ आत होतास ते मी बघितलं नाही, स्वयंपाकघरात ओटा पुसत राहिले. बाहेर आलास तेव्हा तुझा चेहरा बाबा गेले त्या दिवशीसारखा झाला होता. मला दया आली नाही. खोटं कशाला लिहू?

आणि मग तू बॅगेतून वही काढलीस. तपकिरी पुठ्ठा, कडा कुरतडलेल्या. टेबलावर ठेवून म्हणालास, "घे. चार वर्षं मागत होतीस." पान तू आधीच दुमडून आणलं होतंस. मी उघडलं. भरतीची ओळ. पेन्सिलने, तिरकं, 'श'ला मी देते तसा वळसा देऊन. आणि बाजूला कंसात एक शब्द, आत्तापुरतं.

"अक्षर ओळखतेस ना?" एवढंच विचारलंस तू.

हो. माझंच.

मला धक्का बसला असं तुला वाटलं असेल. तसा चेहराही मी केला. आता खरं काय ते लिहिते, कारण यापुढे माझ्याजवळ लपवायला दुसरं काही उरलेलं नाही.

पहिल्या पत्रापासून मला माहीत होतं की ओळ माझी आहे. पन्नास निवट्यांची पन्नास बिळं वेगवेगळी ठेवली की तो लॅपटॉप मरायचा, एकेक फेरी तासभर. म्हणून मी एक दिवस बिळं काढून टाकली. आत्तापुरतं. सगळ्यांना शून्यावर बांधलं, बाकी प्रोग्रॅम नीट चालतोय का बघू, बिळं नंतर घालू. आणि पहिल्याच फेरीत उत्तर आलं, शून्य पॉइंट शून्य शून्य शून्य, तीस घरं शून्यं. मी खोलीत उडी मारली. तू खाली जाऊन पेढे आणलेस, लॉकडाऊनमध्ये कुठून आणलेस कोण जाणे. आई म्हणाली एवढं काय झालं. इतकं अचूक उत्तर खऱ्या निवटीला कधी सापडत नाही, एवढी साधी शंका दोघांपैकी एकालाही आली नाही. आपल्या धंद्यातला माणूसच असा फसतो. उत्तर शून्य आलं की आपण जिंकलो, शून्य का आलं हे कोण विचारतं?

बिळं परत घालायची राहून गेली. ही झाली चूक. चूक माणसाकडून होते.

पण पुढचं चूक नाही. लेख छापून आला, माझ्या नावाशिवाय, टायपिंगच्या आभारांसकट. मी तो सगळा वाचला, अक्षर न् अक्षर. सातव्या पानावर भरतीची ओळ जशीच्या तशी छापलेली होती. आणि तेव्हा मला कळलं. तेव्हाच, दादा. चार वर्षांपूर्वी. मला दिसलं की बिळं नाहीत, सगळं शून्याकडे ओढलं जातंय, हा अल्गोरिदम कुठल्याही खऱ्या प्रश्नावर तोंडघशी पडणार. तुला एक मेसेज टाकला असता तर पुरलं असतं. तोपर्यंत तू मला ब्लॉकही केलेलं नव्हतंस.

मी गप्प बसले. मनात म्हटलं, घे. चोरलंस ना, मग चुकीसकट घे. कधीतरी भर सभेत कुणीतरी उभं राहून तुझं पितळ उघडं पाडेल आणि मी लांबून टाळ्या वाजवेन. मी वाट बघत होते. तुझी बक्षिसं, तुझी भाषणं, सगळं बघत होते आणि म्हणत होते, चढ, अजून वर चढ, आपटशील तेव्हा जोरात आपटशील. 'तत्पर'ने तुझा प्रोग्रॅम घेतला ही बातमी मी सप्टेंबरमध्येच वाचली होती. फोटोत तू हार घालून उभा होतास. तेव्हाही मी गप्प बसले. आमच्याच सोसायटीच्या लिफ्टपाशी त्यांचा नंबर लावलेला होता आणि मी रोज त्याच्यासमोरून जात होते. गाड्या हलतील हे मला डोकं चालवलं असतं तर समजलं असतं. मी नाही चालवलं. मला फक्त तू पडायला हवा होतास.

पडली आई.

तू निघताना जे म्हणालास ते मी विसरलेले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी वही जाळायची, तू जूनमध्ये नवीन आवृत्तीत ओळ गुपचूप बदलणार, 'तत्पर'ला वाटणार सुधारणा झाली, तुझं नाव शाबूत, माझी कॉलेजमधली कायम होण्याची मुलाखतही शाबूत. दोघांनाही सोयीचं. पायलवहिनीनेही मान हलवली. मी तेव्हा 'बघते' म्हणाले. खरं सांगते, दोन दिवस मी ते खरोखर बघत होते.

मग बुधवारी कासिमभाई आला. आईला बघायला येतो तो अधूनमधून, येताना बायकोने, करिमुन्निसाबाईंनी केलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणतो, कारण आईला माझ्या हातच्या आवडत नाहीत हे तिच्या डोळ्यांवरून त्यालाही कळतं. मी त्याला विचारलं, जूनपर्यंत गाड्या तिथेच राहिल्या तर? त्याने चहा बशीत ओतला. मग म्हणाला, "जूनपर्यंत मोऱ्यातली मानसं आजारी पडनार नाय, असं कुनी लिवून देनार हाय का, मॅडम?" आणि चहा संपवून ड्यूटीला गेला. नेरूळला.

आज सकाळी मी वहीच्या त्या पानाचा फोटो काढला. सदतीसचे तीस निकाल जोडले, आणि नेरूळच्या सहा ठिपक्यांचा नकाशा. 'तत्पर'च्या मालकाला आणि त्या जर्नलच्या संपादकाला एकच मेल पाठवली. ओळ माझी आहे, तिच्यातली चूक मी चार वर्षांपूर्वीच ओळखली होती आणि लपवली होती, हेही लिहिलं. तू चोरलीस हेही लिहिलं. त्यातला एकही शब्द मागे घेणार नाही. वकिलाला सांग, कागद तयार कर.

वही आता माझ्याकडे आहे. जाळणार नाही.

दीक्षा


खांदेश्वर, ११ जून २०२६

दादा,

हे शेवटचं. लांबण लावत नाही.

गाड्या मार्चमध्येच हलल्या. कासिमभाई आता मोऱ्याच्या जेट्टीवर असतो, घरी जेवायला जातो. खांदेश्वरला दुसरा माणूस आलाय, खिडकीतून त्याची गाडी दिसते. 'तत्पर'ने तुझं काम काढून घेतलं हे मला वर्तमानपत्रातून कळलं, बक्षीस परत मागितलं हे पायलवहिनीकडून. माझी मुलाखत झालीच नाही. प्राचार्य म्हणाले, मॅडम, तुम्ही स्वतःच लिहून दिलंत की तुम्ही माहिती दडवलीत, आम्ही काय करणार? त्यांचं बरोबर आहे. जुलैपासून मी कॉलेजमध्ये नसेन.

संपादकाने मला एप्रिलमध्ये कळवलं होतं की लेखावर तुमचं नाव नाही, त्यामुळे चुकीची जबाबदारी तुम्हाला घेता येणार नाही. तुमचे आभार आम्ही 'एक वाचक' म्हणून मानू. मी ती मेल वाचून एकटीच हसले. आधी टायपिस्ट, आता वाचक. चुकीवरसुद्धा माझा हक्क नाही.

काल त्यांची माघारीची सूचना छापून आली. लेख मागे घेण्यात येत आहे, त्याखाली लेखक. संघर्ष शिवराम गमरे, दीक्षा शिवराम गमरे. आणि खाली एक ओळ, की पहिल्या लेखकाच्या लेखी कबुलीनुसार दुसऱ्या लेखकाचं नाव मुळात वगळण्यात आलं होतं.

म्हणजे तू लिहून दिलंस. तुला कुणी विचारलंही नव्हतं.

लाज वाटून लावलंस की मला बरोबर घेऊन बुडावं म्हणून लावलंस, ते मी विचारणार नाही. दोन्ही असेल. तुला मी ओळखते. मी तुला माफ केलेलं नाही, तू मला केलेलं नसणार, आणि त्या एक्केचाळीस मिनिटांचं आपण दोघंही काही करू शकत नाही.

ते पान छापून मी आईच्या मांडीवर ठेवलं. इंग्रजी नावांशेजारी मराठीत लिहिलं, तेवढं तिला वाचता येतं, हळूहळू. डावं बोट दोन्ही नावांखालून फिरवलं, आधी तुझ्या, मग माझ्या. मग परत माझ्यावर आलं आणि तिथेच थांबलं. हाय, म्हणाली. मी तिचा उजवा हात उचलून त्या बोटाशेजारी ठेवला, आणि मग मला स्वयंपाकघरात जावं लागलं.

तिचा फोन कपाटातून काढून चार्ज केलाय. चालू आहे. रविवारी अकराला करत जा. मी उचलेन, पण बोलणार नाही. नुसता तिच्या कानाला लावून धरेन.

दीक्षा